कर्ज देताना विचारतो, मग मत देताना का नाही?



आपल्या गटात एखादीनं 5,000 रुपयांचं कर्ज मागितलं की आपण काय करतो? कशासाठी हवं ते विचारतो. मागचं फेडलं का, हप्ते वेळेवर आले का, बैठकीला येते का, हे वहीत बघतो. शेजारीण असो की जाऊ असो, विचारतोच. तीही रागवत नाही, कारण पैसा सगळ्यांच्या घामाचा आहे हे तिलाही माहीत असतं.

आता दुसरीकडे बघा. गावाचं पाणी, गटार, दिवाबत्ती, रस्ता, अंगणवाडी हे सगळं आपण 5 वर्षांसाठी कुणाच्या तरी हातात सोपवतो. तिथं एकही प्रश्न विचारत नाही. घरातलं कुणी सांगेल ते बटण दाबतो, नाहीतर आदल्या रात्री कोण काय देऊन गेलं ते आठवून दाबतो. 5,000 रुपयांसाठी दहा प्रश्न आणि अख्ख्या गावासाठी एकही नाही, हा हिशेब काही जुळत नाही.

म्हणून आज बोलू या एका साध्या कामाबद्दल. गावातल्या काही बायांनी मिळून गावाच्या गरजांचा पाठपुरावा करायचा, आणि निवडणूक आली की सगळ्यांनी समजून उमजून मत द्यावं यासाठी मदत करायची. पगार नाही, पद नाही. पण पंचसूत्री पाळणाऱ्या बायांना हे अवघड नाही. आपल्या दशसूत्रीतही पंचायत राज संस्थांमधला सहभाग हे एक सूत्र आहेच. आपण ते बैठकीत म्हणतो, आता करून बघू.

कोणी करायचं?

पाच ते सात बाया पुरतात. मात्र गावठाणातल्याच पाच जणी नकोत. प्रत्येक वाडीतली, मळ्यातली, पाड्यावरची, दलित वस्तीतली एक तरी हवी. ज्या वस्तीतली बाई त्यात नाही, त्या वस्तीची अडचण वहीत येत नाही. त्यातली एक मोबाईल नीट चालवणारी मुलगी असावी आणि एक घरोघर ओळख असलेली आजी असावी. नोंदणी लागत नाही, ऑफिस लागत नाही. ग्रामसंघाच्या बैठकीत नावं ठरवा आणि इतिवृत्तात लिहून ठेवा, एवढं पुरे.

पहिला नियम मात्र पक्का. कुणाला मत द्यायचं, हे या बायांनी सांगायचं नाही. कसं ठरवायचं, तेवढंच सांगायचं. आपल्या गटात सगळ्या पक्षांच्या, सगळ्या पॅनलच्या घरातल्या बाया असतात. एकदा का गटाला कुणाचा तरी शिक्का बसला, की दुसऱ्या बाजूच्या बाया बैठकीला यायच्या बंद होतात. मग बचत थांबते, परतफेड थांबते. निवडणूक महिन्याभरात संपते, पण फुटलेला गट जोडायला वर्षं जातात.

गटातलीच एखादी उभी राहिली तर? आनंदाची गोष्ट आहे. तिनं तेवढे दिवस या स्वयंसेवक बायांमधून बाजूला व्हावं. गटाचा पैसा, गटाची बैठक आणि गटाचं नाव तिच्या प्रचाराला वापरायचं नाही. गटातल्या प्रत्येकीनं तिलाच मत द्यावं, अशी शपथही घ्यायची नाही. बाकी तिच्याशेजारी बसून अर्ज भरायला आणि कागदपत्रं गोळा करायला कुणीही मदत करावी. दुसऱ्या बाजूची उभी राहिली, तर तिलाही तेवढीच मदत करावी.

बायांनी कारभार करणं आपल्याकडे नवं नाही. 1986 साली नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी संघटनेचं मोठं महिला अधिवेशन भरलं होतं. त्यानंतर 1989 मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या विटनेर गावानं पूर्ण बायांची ग्रामपंचायत निवडून दिली. तेव्हा निम्म्या जागांचं आरक्षण नव्हतं. 73 वी घटनादुरुस्ती 1993 मध्ये लागू झाली आणि एक तृतीयांश जागा बायांना मिळाल्या. महाराष्ट्रात 2011 मध्ये त्या निम्म्या झाल्या. खुर्ची मिळाली, आता खुर्चीच्या मागं उभं राहून विचारणाऱ्या बाया हव्यात.

गरजांची वही

पहिलं काम म्हणजे वही. दोन दुपारी गावातून फिरा आणि प्रत्येक वस्तीत विचारा. पाणी किती दिवसांनी येतं? खांबावरचा दिवा लागतो का? गटाराचं पाणी कुठं साचतं? अंगणवाडीत शौचालय आहे का? वहीत चार रकाने करा. अडचण काय, काम कुणाचं, कधी मागितलं आणि काय झालं.

दुसरा रकाना नीट भरा. सगळ्या गोष्टींसाठी सरपंचाला धरून चालत नाही. गावातली गटारं, दिवाबत्ती, नळयोजनेची देखभाल आणि कचरा हे ग्रामपंचायतीचं काम. रेशनची तक्रार तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत. वीज महावितरणकडे, एसटी आगार प्रमुखाकडे, शाळेच्या खोल्या जिल्हा परिषदेकडे. ज्याचं काम त्याच्याकडे मागितलं तर उत्तर मिळतं. याचा दुसरा फायदा निवडणुकीत होतो. सरपंचपदाचा उमेदवार गावात मोठं हॉस्पिटल आणतो म्हणाला, तर ते त्याच्या हातात आहे का, हे आपल्याला लगेच कळतं.

तिसरी गोष्ट पैशाची. गावाला पैसा येतो तो वित्त आयोगाकडून आणि गावाच्या स्वतःच्या उत्पन्नातून, म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी वगैरेतून. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत 2021 पासून 60 टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठीच राखून ठेवलेली होती. स्वतःच्या उत्पन्नातले 10 टक्के ग्रामपंचायतीनं महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. तुमच्या गावात गेल्या वर्षी हे 10 टक्के म्हणजे किती रुपये झाले आणि कशावर गेले, हे विचारा. गावाचा आराखडा आणि खर्च ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर मोबाईलवरही दिसतो. माहिती मिळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. त्याला 10 रुपये शुल्क आहे, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाही. 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

आणि हो, गावात आधीच कितीतरी समित्या आहेत. पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत निम्म्या बाया असाव्या लागतात. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या बाया. या समित्यांची नावं मागून घ्या. पुष्कळदा असं होतं, की एखाद्या काकूंचं नाव समितीत असतं आणि काकूंनाच माहीत नसतं. त्यांना सांगा आणि पुढच्या बैठकीला त्यांच्याबरोबर जा.

ग्रामसभा: ताकद कुठं आहे?

वहीतली मागणी नुसती बोलून उपयोग नाही, ती ठरावात यायला हवी. वर्षात किमान चार ग्रामसभा व्हाव्या लागतात. बहुतेक गावांत त्या 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरच्या आसपास होतात. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते, आणि तिथले ठराव मोठ्या सभेपुढं ठेवायचे असतात. मोठ्या सभेत चारचौघांपुढं बोलायला ज्या लाजतात, त्यांच्यासाठी महिला सभा फार मोलाची. तिथं बोला, लिहून घ्या आणि ठरावाची प्रत मागा.

आता कोरमचं समजून घ्या. गावातल्या मतदारांपैकी 15 टक्के किंवा 100 जण, यातला जो आकडा कमी तेवढी माणसं सभेला हवीत. तेवढी आली नाहीत तर सभा तहकूब होते. तहकूब झालेल्या सभेला मात्र कोरमची अट नसते. म्हणजे पहिल्या दिवशी आपण घरी बसलो, की दुसऱ्या वेळी आठ-दहा माणसं बसून अख्ख्या गावाचं ठरवू शकतात. गावात दहा गट असले तर शंभर बाया होतात. नुसत्या गटातल्या बाया आल्या तरी कोरम पुरा होतो. ही ताकद आपल्याकडे आहे आणि ती कुणी काढून घेऊ शकत नाही.

यादीत नाव आहे का?

दुसरं मोठं काम मतदार यादीचं. 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी देशात कितीतरी बायांनी यादीत स्वतःचं नाव सांगितलंच नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच सांगितलं. निवडणूक आयोगानं अशी नावं चालणार नाहीत म्हटलं, आणि सुमारे 28 लाख बायांची नावं यादीतून गेली. नाव नाही म्हणून मत नाही. आज आपण नाव सांगतो, पण यादीतलं नाव बरोबर आहे का, हे मतदानाच्या दिवशी सकाळी बघतो. तेव्हा काहीच करता येत नाही.

नीट लक्षात ठेवा. ओळखपत्र हातात असून भागत नाही, नाव यादीत असावं लागतं. नवीन नाव घालायला नमुना 6. मयत किंवा कायमचं सोडून गेलेल्याचं नाव काढायला नमुना 7. पत्ता बदलणं, नावातली चूक सुधारणं, हरवलेलं कार्ड नवीन मागणं यासाठी नमुना 8. हे अर्ज मोबाईलवरून भरता येतात, किंवा आपल्या मतदान केंद्राच्या बीएलओकडे देता येतात. अडलं तर 1950 हा क्रमांक आहे. आता वर्षातून चार तारखा धरतात. 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर. त्या तारखेला 18 पूर्ण होणाऱ्यांचं नाव घेता येतं. 17 पूर्ण झालेल्या मुलामुलींनाही आगाऊ अर्ज भरून ठेवता येतो.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो नव्या सुनांचा. लग्न होऊन सासरी आली, पण नाव माहेरच्याच यादीत. मग ती इकडे मत देऊ शकत नाही आणि तिकडे जाणं होत नाही. तिनं नमुना 8 भरून नाव सासरच्या गावी आणावं. माहेरचं नाव तसंच ठेवून इथं नमुना 6 भरून दुसरं नाव घालायचं नाही. दोन ठिकाणी नाव ठेवणं कायद्याला धरून नाही. हळदीला जसं आपण सगळ्या नव्या सुनांना बोलावतो, तसं एक दिवस सगळ्यांना बोलावून हा अर्ज भरून टाका.

ऊसतोडीला, वीटभट्टीला जाणाऱ्यांचं काय? ते सहा महिने बाहेर असले तरी त्यांचं घर इथंच आहे, त्यांचं नाव इथंच राहतं. घराला कुलूप दिसलं म्हणून कुणी त्यांचं नाव काढायचा अर्ज करत असेल, तर तुमच्या वस्तीतल्या बाईनं बीएलओला खरी परिस्थिती सांगायला हवी.

ग्रामपंचायत आणि जिल्हा परिषदेच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. पण त्यांची यादी विधानसभेच्या यादीवरूनच प्रभागाप्रमाणे फोडलेली असते. म्हणून ग्रामपंचायतीची निवडणूक लागल्यावर नाव घालू म्हणाल, तर उशीर झालेला असतो. प्रारूप यादी लागली की एवढंच बघा, की आपलं नाव चुकून दुसऱ्या प्रभागात गेलं नाही ना. गेलं असेल तर दिलेल्या मुदतीत हरकत घ्या.

आडव्या बाटलीचा हिशेब

यादी नीट असण्याला किती किंमत आहे, ते दारूबंदीच्या मतदानात कळतं. 2008 च्या शासन आदेशाप्रमाणे गावातल्या 25 टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी केली, आणि सह्या खऱ्या निघाल्या, तर परवानाधारक दारू दुकानाबद्दल गुप्त मतदान घेता येतं. चिन्हं दोन. उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी बाटली म्हणजे बंद करा. दुकान बंद व्हायला यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीला मत द्यावं लागतं. मतदानाला आलेल्यांपैकी निम्म्या पुरत नाहीत.

हिशेब करून बघू. समजा यादीत 800 बाया आहेत. सह्या हव्यात 200. मतं हवीत 400 हून जास्त. मतदानाला 450 जणी आल्या, 390 आडव्या बाटलीला आणि 60 उभ्या बाटलीला. आपण म्हणू, जिंकलो! पण नाही. 400 चा आकडा गाठला नाही, म्हणून दुकान चालूच. जी घरी बसली तिचं मत आपोआप उभ्या बाटलीकडे गेल्यासारखं झालं.

आता पुढं बघा. त्या 800 मध्ये 60 नावं वारलेल्या आजींची आणि लग्न होऊन कायमच्या परगावी गेलेल्या लेकींची असली तर? वेळेत नमुना 7 आणि 8 भरून यादी साफ केली असती, तर 740 राहिल्या असत्या. त्यांच्या निम्म्या 370. आपली 390 मतं पुरली असती. म्हणजे त्या गावात दारू जिंकली ती बायांच्या भीतीमुळे नाही, जुन्या यादीमुळे. म्हणून आधी यादी, मग सह्या, मग मतदान, हा क्रम सोडू नका.

उमेदवाराला काय विचारायचं?

उमेदवारी अर्जाबरोबर शपथपत्र द्यावं लागतं. त्यात गुन्हेगारी खटले, मालमत्ता, कर्ज आणि शिक्षण यांची माहिती असते. 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की ही माहिती मिळणं हा मतदाराचा हक्क आहे. शपथपत्र निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे बघायला मिळतं. स्वयंसेवक बायांनी सगळ्या उमेदवारांची सारखीच माहिती वाचून दाखवावी, आपलं मत त्यात घालू नये. खटला चालू असणं म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असं नाही, हेही सांगावं.

मग सगळ्या उमेदवारांना एकाच दिवशी, एकाच जागी बोलवा आणि तीच वही पुढं ठेवा. प्रश्न सगळ्यांना सारखे. वरच्या वस्तीला पाणी कधी देणार? पैसा कुठून आणणार? ग्रामसभेला आतापर्यंत किती वेळा आलात? बाई उभी असेल तर तिलाच विचारा, तिच्या नवऱ्यानं उत्तर दिलं तर शांतपणे म्हणा, "दादा, आम्हाला ताईंकडून ऐकायचंय." आधी निवडून आलेले असतील, तर चौथा रकाना वाचून दाखवा. काम झालं असेल तर तेही मोकळेपणानं वाचा. फक्त उणीदुणी काढणाऱ्या वहीला गावात मान राहत नाही.

बिनविरोध निवडणुकीबद्दलही दोन शब्द. गावानं बसून, सगळ्यांचं ऐकून नाव ठरवलं तर खर्च आणि भांडण वाचतं. पण बोली लावून पद विकलं तर तो गावाचा सौदा झाला. जानेवारी 2021 मध्ये नाशिक जिल्ह्यातलं उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातलं खोंडामळी इथं पदांचा लिलाव झाल्याचं दिसून आल्यावर राज्य निवडणूक आयोगानं तिथल्या निवडणुकाच रद्द केल्या. लिलावातला पैसा देवळासाठी म्हणून सांगितला तरी आपलं मत विकलंच जातं, आणि तेही आपल्याला न विचारता.

साडी, कुकर आणि देवदर्शन

निवडणूक जवळ आली की अवेळीच हळदीकुंकू सुरू होतात. वाणाला साडी, कुकर, नाहीतर देवदर्शनाची बस. गटांना सतरंज्या आणि भांडी देऊ करतात, कारण एका गटामागं दहा-बारा घरं असतात हे त्यांनाही कळतं. मतासाठी लाच देणं हा जसा गुन्हा आहे, तसा घेणं हाही गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेत त्याला एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत.

कायद्याचं सोडा, आपला हिशेब करू. 500 रुपयांची साडी 5 वर्षांनी भागली तर वर्षाला 100 रुपये पडतात, दिवसाला 30 पैसेसुद्धा नाहीत. तेवढ्यात आपण पाण्याचा टँकर, गटाराची दुर्गंधी आणि लेकराच्या शाळेची गळती पत्करतो. ग्रामसंघात आधीच ठराव करा, की निवडणुकीच्या काळात गट म्हणून कुणाकडून काही घ्यायचं नाही. एकटीला नाही म्हणणं जड जातं, ठराव पुढं केला की सोपं होतं. आणि एखाद्या गरीब घरातल्या बाईनं घेतलं म्हणून तिला गटात टोमणे मारू नका. तिला एवढंच सांगा, की वस्तूला मत बांधलेलं नसतं. आत ती एकटी असते, कुणी बघत नाही.

मतदानाचा दिवस

ग्रामपंचायतीला एकच मत नसतं. तुमच्या प्रभागात जितक्या जागा, तितकी मतं, आणि सरपंचाचं वेगळं. सगळी मतं देऊन झाल्यावरच यंत्राचा लांब आवाज येतो. तो येईपर्यंत बाहेर पडू नका. आधीच्या बैठकीत कागदावर खोटी नावं लिहून, फुलपाखरू, घागर अशी खोटी चिन्हं काढून सराव करून घ्या. खऱ्या उमेदवाराची चिन्हं सरावाला वापरायची नाहीत.

आधार कार्ड, फोटो असलेलं बँकेचं पासबुक, पॅन कार्ड, वाहन परवाना यातलं काहीही ओळखीसाठी चालतं, मतदार ओळखपत्रच हवं असं नाही. ज्यांना दिसत नाही किंवा बटण दाबणं जमत नाही, त्यांना सोबत माणूस नेता येतो. बाकी धडधाकट बाईबरोबर नवऱ्यानं आत येऊन दाखवायची गरज नाही आणि तशी मुभाही नाही. लोकसभा-विधानसभेला 85 वर्षांवरच्या आजी-आजोबांना आणि 40 टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्यांना घरून मतदानाची सोय आहे, त्यासाठी आधी अर्ज द्यावा लागतो.

आता एवढं करा

मैत्रिणींनो, हे सगळं एकदम करायचं नाही. या महिन्याच्या बैठकीत फक्त दोन गोष्टी घ्या. एक, वस्तीवार पाच-सात नावं ठरवा. दोन, मतदार यादीची प्रत किंवा मोबाईल घेऊन प्रत्येकीनं स्वतःचं, सुनेचं आणि 18 पूर्ण झालेल्या लेकीचं नाव तपासा. पुढच्या महिन्यात गरजांची वही सुरू करा आणि येणाऱ्या महिला सभेत पहिली मागणी ठरावात घाला.

आपली बचतीची वही सुरू झाली तेव्हा घरातले हसले होते. दहा-दहा रुपयांनी काय होणार, म्हणत होते. आज त्याच वहीवर बँक आपल्याला कर्ज देते. गावाची वहीही अशीच एकेका ओळीनं भरत जाईल. बैठकीत काय ठरलं ते आम्हाला पत्रानं नक्की कळवा.